पेज जेवणात धरावी

॥ श्री ॥
गुंद, ता. जोयडा
१८ नोव्हेंबर २०२३

चि. शिल्पास गिरजाआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण ते अर्धंच खरं. मी बरी आहे. तुझे मामा बरे नाहीत, आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे. म्हणून तर हे पत्र. फोनला रेंज हवी तर रस्त्याच्या मोरीवरच्या दगडावर उभं राहावं लागतं, आणि तिथं सकाळ-संध्याकाळ निम्मा गाव कानाला फोन लावून उभा असतो. मामांच्या पोटाची गोष्ट त्या दगडावरून बोलले तर ती माझ्याआधी कुंभारवाड्याला पोचेल.

तर ऐक. दसऱ्यापासून त्यांचं पोट ठिकाणावर नाही. चार दिवस धरतं, मग दोन दिवस सुटतं. डावीकडे खाली दुखतं. कळ आली की उठून गोठ्यात जातात, म्हणजे मला दिसू नये. कोयता अडकवायच्या पट्ट्याला त्यांनी सुरीनं दोन नवी भोकं पाडली आहेत, आणि मला सांगतात की चामडं सैल झालं. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला चामडं सैल झालं की माणूस, एवढं कळत नाही असं त्यांना वाटतं.

कापणी उरकल्यावर मी हट्टानं जोयड्याला नेलं. डॉक्टरांनी पोट चेपून बघितलं आणि बेळगावला जाऊन मोठ्या आतड्याचा फोटो काढायला सांगितलं. कागदावर बेरियम एनिमा असं लिहिलंय. तुमच्याच दवाखान्याचं नाव घातलंय. घरी आल्यावर मामांनी तो कागद कणगीमागे खोचला, आणि वर्षभर भात उपसल्याशिवाय तो काही बाहेर यायचा नाही अशा बेतानं खोचला.

भीती कसली ती तुला ठाऊक आहे. कान्हूभावोजींचाही असाच फोटो काढला होता आणि दीड महिन्यात ते गेले. तेव्हापासून मामांच्या डोक्यात बसलंय की फोटोनंच जीव घेतला. मी सांगितलं तर ती बायकोची कटकट होते. तू लिहिलंस तर ते दवाखान्याचं म्हणणं होईल. तेव्हा नीट, सगळं, काही न लपवता लिही. सहा वर्षांत तू या घराची पायरी चढली नाहीस, त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
गिरजाआत्या


बेळगाव
२५ नोव्हेंबर २०२३

ति. स्व. येसाजीमामांस शिल्पाचा वाकून नमस्कार.

पत्रास कारण, तुमच्या पट्ट्याची दोन भोकं. आत्यावर रागावू नका. तिनं लिहिलं नसतं तर मी तिच्यावर रागावले असते.

मामा, मी नऊ वर्षं एक्स-रे काढते आहे, त्यातली सात वर्षं याच तपासणीच्या खोलीत. तेव्हा सांगते ते ऐकीव नाही. एक्स-रेत हाड दिसतं, आतडं दिसत नाही, कारण ते मऊ असतं. म्हणून खालच्या बाजूनं एक बारीक नळी बसवून आतड्यात बेरियम नावाचं पांढरं औषध सोडतात. ते जाईल तिथवर आतडं पांढरं उमटतं. माझ्या लहानपणी बांधातलं खेकड्याचं बीळ कुठवर गेलंय हे बघायला तुम्ही दोघे भाऊ पाणी ओतायचात, आणि मी पलीकडच्या तोंडाशी बसायचे. तेवढंच आहे हे.

खोलीत गेल्यावर कपडे काढून मागे नाड्यांचा झगा घालायला देतात. मग टेबलावर कुशीवर झोपायचं. नळी बसते तेव्हा अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही. औषध जातं, त्यामागून थोडी हवा भरतात, म्हणजे आतडं फुगून त्याच्या घड्या उलगडतात. त्या वेळी पोट तटतं, कळ येते, आणि आत्ताच्या आत्ता परसाकडे पळावं असं वाटतं. हे प्रत्येकालाच वाटतं, त्यात लाजू नका. तोंडानं सावकाश श्वास घ्या, आणि फार झालं तर सांगा. औषध तिथल्या तिथं थांबवतात. टेबल खाली-वर कलतं, तुम्हाला या कुशीवरून त्या कुशीवर वळायला सांगतात आणि अधूनमधून श्वास धरायला. अर्धा-पाऊण तास. गुंगीचं इंजेक्शन नाही, कापाकापी नाही. संपलं की संडास शेजारीच आहे. नंतर जेवून-खाऊन घरी. दोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नका, पाणी भरपूर प्या, नाहीतर ते आत घट्ट बसतं. काही ठिकाणी या फोटोऐवजी थेट दुर्बिणीनं बघतात. तुमच्या डॉक्टरांनी आधी फोटो सांगितलाय, त्यात काही सापडलं तर दुर्बीण.

आता तुमच्या मनात आहे आणि तुम्ही विचारणार नाही ते. नळी डॉक्टर बसवतात, मदतीला गणपती म्हणून आमचा अटेंडंट असतो, तुमच्याच वयाचा. मी काचेमागे, बटणांपाशी. भाचीसमोर झग्यात फिरायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

खरी मेहनत आदल्या दिवसांची आहे. दोन दिवस आधीपासून हलकं खा, नाचणीची भाकरी नको, पालेभाजी नको. आदल्या दिवशी मात्र जेवण पूर्ण बंद, फक्त पाणी-पातळ प्यायचं. दुपारी पोट साफ करायची पावडर पाण्यात ढवळून घ्यायची, आणि ती घेतल्यावर घरापासून लांब जायचं नाही. आतडं धुतल्यासारखं रिकामं हवं. नाहीतर आत काय उरलंय आणि काय उगवलंय हे फोटोत वेगळं ओळखता येत नाही.

कणगीमागचा कागद काढा. आत्याला साष्टांग. माझ्यावर भरवसा ठेवावा, एवढंच मागते.

तुमची
शिल्पा


॥ श्री ॥
गुंद
२ डिसेंबर २०२३

चि. शिल्पास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा आत्यानं मोठ्यानं वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी नळीपाशी माझा आवाज बसला.

लिहितेस छान. पण मलाही काही कळतं. अठ्ठावीस वर्षं मी जंगलाच्या कामावर होतो. उभ्या मत्तीच्या खोडावर कुऱ्हाडीचा दांडा दोनदा आपटला की खोड पोकळ आहे का भरीव, हे मी सांगायचो. त्यासाठी पांढरं औषध लागलं नाही की झगा. माझ्या पोटावर मीच टिचकी मारून बघितली आहे. मला तरी ते भरीव वाटतं. आत्या म्हणते की खोडाला बायको नसते म्हणून ते गप्प उभं राहतं, आणि तिनं पुढं जे म्हटलं ते मी लिहीत नाही.

आता खरं बोलतो. कान्हूदादाला तुमच्याकडे आणलं तेव्हा फोटो तूच काढलास. दादा आत जाताना खांद्यावरचा पंचा तुझ्याकडे देऊन गेला. तू बाहेर आलीस तेव्हा मी विचारलं की काय दिसलं. तू म्हणालीस, डॉक्टर सांगतील. एवढंच. आणि पंचा माझ्या हातात दिलास, चोळामोळा झालेला, साधी घडीसुद्धा न घालता. तुझं तोंड कोऱ्या पाटीसारखं होतं. ज्याच्या खांद्यावर बसून तू ओढा ओलांडलास त्याच्यासाठी तुझ्या तोंडावर एक रेघ हलली नाही. कागद चौथ्या दिवशी मिळाला. दादा माघात गेला. मी तुला त्यानंतर बोलावलं नाही, आणि तूही आली नाहीस. हे सहा वर्षं मनात होतं, ते आता कागदावर आलं. बरं झालं.

मी येतो. पण एका अटीवर. फोटो तू काढायचास, आणि जे दिसेल ते मला तिथल्या तिथं, तोंडावर सांगायचंस. आहे कबूल तर कळव. नसेल तर कागद जिथं आहे तिथं सुखात आहे.

राग धरू नकोस, मी धरला तेवढा दोघांना पुरे.

येसाजी


बेळगाव
८ डिसेंबर २०२३

ति. स्व. मामांस शिल्पाचा नमस्कार.

तुमची अट मला मान्य नाही. पुढचं वाचल्याशिवाय पत्र चुलीत घालू नका.

त्या दिवशी मला दिसलं होतं. कान्हूमामांच्या आतड्याचा एक भाग इतका अरुंद झाला होता की पांढरी रेघ तिथं दोऱ्याएवढी उरली होती. मी ते काचेमागून बघितलं आणि तरी पुढचे सगळे फोटो काढले, श्वास धरा, श्वास सोडा म्हणत. बाहेर आले तेव्हा माझं तोंड कोरं होतं, कारण ते तसं ठेवायला आम्हाला शिकवतात. फोटो काढणाऱ्यानं निदान सांगायचं नाही हा नियम आहे, आणि तो नियम मला पटतो. एकदा एका बाईच्या फोटोत मला काहीतरी वाईट दिसल्यासारखं वाटलं, तो नुसता हवेचा बुडबुडा निघाला. मी तिला आधीच सांगितलं असतं तर ती घरी पोचेपर्यंत अर्धी झाली असती. उलटही झालंय. ते इथं लिहीत नाही.

आणि तुम्हीच सांगा, खोड ठोकून तुम्हाला कळायचं, पण खोडावर शिक्क्याची हातोडी कोण मारायचं? फॉरेस्टर. ते येईपर्यंत ठेकेदारानं किती विचारलं तरी तुम्ही तोंड उघडायचा नाहीत, असं कान्हूमामाच सांगायचे, आणि अभिमानानं सांगायचे.

आणखी एक, आणि हे तुम्हाला लागेल. फोटोनं त्यांना मारलं नाही. आठ महिने ते मुळ्या उगाळून पीत होते आणि फोटो उशिरा काढला. मी तुमच्या घरी आले नाही ती याच वाक्याला घाबरून. तुमच्या चुलीपाशी बसले असते तर ते तोंडातून निघालं असतं.

माझ्याकडून मिळेल ते असं. फोटो मीच काढेन. आमच्या डॉक्टरांना विनंती करून त्याच दिवशी, तुमच्यासमोर, आपल्या भाषेत सांगायला लावीन. ते सांगेपर्यंत मी तुमच्याजवळ उभी राहीन. यापेक्षा जास्त मागू नका.

मंगळवार, १९ डिसेंबर, सकाळी साडेनऊ. माझ्या हॉस्टेलवर पुरुषांना मुक्काम नाही, म्हणून सोमवारी खानापूरला बायजाअक्कांकडे उतरा. तुमच्या सख्ख्या बहिणीचं घर, तिथं पावडर घेऊन खेपा घालायला लाज नाही. सोबत पावडरीचं पाकीट आहे.

रागातसुद्धा माझी आठवण काढत जावी.

शिल्पा


॥ श्री ॥
गुंद
२३ डिसेंबर २०२३

चि. शिल्पास आशीर्वाद.

आज आशीर्वाद थोडे कमी घातले आहेत, ते का, तू जाणतेस.

मंगळवारी आम्ही एवढे लांबून आलो. मामा झगा घालून आत गेले, औषध घालण्याआधीचा साधा फोटो निघाला, आणि आतडं भरलेलं आहे म्हणून डॉक्टरांनी तपासणी रद्द केली. इथवर ठीक. पण तू बाहेर येऊन त्या लांब ओसरीवर, बाकावर बसलेल्या दहा माणसांसमोर, मामांना विचारलंस की खरं सांगा काय खाल्लंत. त्यांनी कान्हूभावोजींची शपथ घेऊन सांगितलं की रविवारपासून अन्नाचा कण तोंडात घातला नाही. तू म्हणालीस, फोटो खोटं बोलत नाही. म्हणजे खोटं कोण बोललं, हे तिथल्या सगळ्यांना कळलं. मामांनी पिशवी उचलली ती गुंद येईपर्यंत खाली ठेवली नाही. तेव्हापासून ते बोलत नाहीत. कागद पुन्हा कणगीमागे गेलाय, आणि काल मी बघितलं तर पट्ट्याला तिसरं भोक आहे.

रामनगरपर्यंत मलाही कळेना. शपथ घेऊन माणूस खोटं बोलणार नाही, ते तर मुळीच नाही. मग गाडीत मी सोमवार पहाटेपासून एकेक घटका आठवली. बायजाअक्कांनी त्यांना सकाळी पेज दिली. दहा वाजता पेज दिली. दुपारी पावडर घेतल्यावर ताकद राहावी म्हणून पेज, आणि संध्याकाळी उकड्या तांदळाची जरा दाटसर, मिठाचा खडा टाकून. मी समोर बसले होते. मला काही वावगं वाटलं नाही. अक्कांना वाटलं नाही. मामांना तर नाहीच.

अगं, आपल्यात पेज कोण जेवणात धरतं? शेतावरून आलेल्याला जेवलास का विचारलं तर तो नाही म्हणतो, नुसती पेज प्यालो म्हणतो. पेज पितात. भात जेवतात. तू लिहिलंस की जेवण बंद, पाणी-पातळ प्यायचं. त्यांनी अक्षर न् अक्षर पाळलं. पेजेहून पातळ आमच्या घरात दुसरं काय असतं? आणि हे तुला कुणी सांगायचं? सुट्टीत आमच्याच चुलीपाशी दोन-दोन वाट्या पेज पिऊन तू वाढलीस, आणि जेवायला हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून जेवायचीस.

त्यांना तपासणीची भीती आता उरलेली नाही. तू खोटं ठरवलंस हे लागलंय. ते माझ्यानं निघणार नाही. तूच लिही. लवकर लिही, चामड्याला आता भोक पाडायला जागा नाही.

तुझी, रागावलेली तरी तुझीच
आत्या


बेळगाव
२९ डिसेंबर २०२३

ति. स्व. येसाजीमामांस शिल्पाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मामा, मी चुकले. तुम्ही खरं बोललात, आणि मी तुम्हाला दहा माणसांत खोटं पाडलं. आत्याचं पत्र वाचून मी दुपारच्या सुट्टीत डबासुद्धा उघडला नाही. सहा महिने शहरात राहून माणूस बदलतो म्हणतात, मी तर चौदा वर्षं राहिले. घरात पेज पितात हे मी विसरले, याची मला फार लाज वाटते.

अंगात राग होता तोही सांगते. साध्या फोटोत आतडं भरलेलं दिसलं तेव्हा मला वाटलं की हा माणूसही कान्हूमामांसारखाच टाळतोय, आणि मी पुन्हा काचेमागे उभी राहून उशीर झालेला बघणार. म्हणून ओरडले. तुमच्यावर नाही, त्या उशिरावर ओरडले. पण ऐकलंत तुम्ही.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते विजापूरकडचे, भाकरी खाणारे. त्यांनी पेज म्हणजे काय ते दोनदा विचारून घेतलं. मग आम्ही दोघांनी वही काढून बघितलं. तयारी नीट नाही म्हणून वर्षभरात ज्यांना परत पाठवलं त्यात निम्मे आपल्या बाजूचे, जोयडा, कॅसलरॉक, खानापूरच्या रानातले. मी त्या सगळ्यांना मनातल्या मनात लबाड म्हटलं होतं. एक म्हातारी तर रडत गेली होती, आणि तीही म्हणत होती की बाई, मी न्हाई गं जेवले.

आता पेशंटला देतो त्या सूचनांच्या कागदावर नवी ओळ आली आहे. डॉक्टरांनी ती मलाच लिहायला लावली. मराठीत, आणि खाली कन्नडमध्ये गंजी असा शब्द घालून. पेज जेवणात धरावी. आदल्या दिवशी पेज पिऊ नये. तो कागद सोबत जोडला आहे. ती ओळ तुमच्यामुळे आली, पण तुमचं नाव त्यावर घालता आलं नाही.

या वेळी नीट लिहिते. आदल्या दिवशी चालेल ते म्हणजे पाणी, दूध न घातलेला कोरा चहा, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबाचं सरबत. ताक नाही, दूध नाही, सोलकढी नाही, पेजेवरची निवळसुद्धा नाही. शंका आली तर काचेच्या पेल्यात ओता आणि पेल्यामागे बोटं धरा. बोटं दिसली तर प्या. नाही दिसली तर ते बायजाअक्कांना प्यायला द्या.

नऊ जानेवारी, मंगळवार, तीच वेळ. मी रजा घेऊन स्वतः न्यायला आले असते, पण तुमच्या पायरीवर मी माफी मागायला येईन तेव्हा तुम्ही बरे असावेत असं मला वाटतं. ओसरीवर त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी गणपती एकटाच सापडला, त्याला मी सांगितलंय की माझे मामा खोटं बोलले नव्हते.

कागद काढाल ना? तुमच्या एका ओळीची वाट बघत आहे.

तुमची
शिल्पा


॥ श्री ॥
गुंद
११ फेब्रुवारी २०२४

चि. शिल्पास येसाजीमामाचे मनापासून आशीर्वाद. विशेष हे की, हे पत्र मी महिन्यापूर्वीच लिहायला हवं होतं असं आत्याचं म्हणणं आहे. मला सगळं हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं. ते परवा आलं. माझ्या आतड्यातून दुर्बिणीनं काढलेला तो मांसाचा कोंब प्रयोगशाळेत तपासून झाला आणि त्यात वाईट काही नाही, असा कागद जोयड्याच्या डॉक्टरांनी वाचून दाखवला. तुला तुझ्या दवाखान्यात आधीच कळलं असेल. तरी मी सांगतो, माझ्या तोंडून ऐक.

नऊ तारखेला तू लिहिलं होतंस तसंच सगळं झालं, कमी नाही, जास्त नाही. फक्त ते टेबल एवढं गार असतं हे लिहायचं तू विसरलीस. नळीचं मला वाटलं होतं तेवढं काही नाही. हवा भरली तेव्हा मात्र पोट ढोलासारखं तटलं आणि मी गणपतीचं मनगट धरलं. तो म्हणाला की सगळेच धरतात. टेबल कललं तेव्हा उतारावर गाडी सुटल्यासारखं वाटलं. मग भिंतीतून तुझा आवाज आला, श्वास धरायला सांगणारा. तू बटणापाशी आहेस हे आवाजावरून कळत होतं, म्हणून मी धरला. पाऊण तास म्हणाली होतीस, पस्तीस मिनिटांत संपलं. दोन दिवस पांढरं झालं तेही खरं.

खरा कस त्यापुढं लागला. बाहेर बाकावर बसलो आणि तू आलीस. मी विचारलं नाही, पण बघितलं. तू म्हणालीस, डॉक्टर सांगतील. तेच शब्द आणि तेच कोरं तोंड. अर्धा तास मी त्या तोंडाकडं बघत होतो. खोड असतं तर ठोकलं असतं. मी मनात धरून चाललो की माझंही दादासारखंच आहे, आणि भात कुणी मळायचा इथवर विचार करून झाला.

मग डॉक्टर आले आणि त्यांनी फोटो उजेडात धरून बोटानं दाखवलं. डावीकडच्या वळणावर आतल्या अंगाला वाटाण्याएवढा मांसाचा कोंब आहे, असे बरेचदा निरुपद्रवी असतात, पण राहिला तर पुढं बिघडू शकतो, दुर्बिणीतून काढून टाकू, पोट कापायला नको. त्यांचं मराठी मोडकं होतं पण मला सगळं कळलं. आत्या रडली. मी तुझ्याकडं बघितलं. तुझं तोंड अजून तसंच होतं.

तेवढ्यात तू माझी टोपी परत दिलीस. आत जाताना मी ती तुझ्या हातात दिली होती, आठवतं? तिची पार चिंधी झाली होती. पिळून पिळून एक बाजू उसवली होती. मी ती डोक्यावर चढवायला गेलो आणि हात तिथंच थांबला. शिल्पा, दादाचा पंचा तू मला असाच दिला होतास.

तो पंचा मी सहा वर्षं ट्रंकेत ठेवलाय. घरी आल्यावर काढून बघितला. मधोमध पिळा अजून आहे, धुतला नाही म्हणून राहिला. एवढी वर्षं मी लोकांना सांगत होतो की पोरीनं साधी घडी घातली नाही. तोंड कोरं ठेवायला तुला शिकवलं, हातांना शिकवायचं राहून गेलं. मीही ठेकेदारासमोर तोंड मिटून उभा असायचो आणि कुऱ्हाडीचा दांडा घामानं भिजलेला असायचा. मला हे कळायला हवं होतं. नाही कळलं. दादाला आठ महिने मुळ्या उगाळून द्यायला रानातून मीच आणत होतो, हे तुला ठाऊक होतं आणि तू ते कधी लिहिलं नाहीस. त्या रागाला कुणीतरी लागतं, म्हणून तू सापडलीस. त्याची माफी मी मागतो. मोठा असलो तरी मागतो.

आता गावची बातमी. वरच्या आळीतल्या महाबळेश्वरला डॉक्टरांनी हाच फोटो सांगितलाय आणि तो कणगी शोधत हिंडतोय. त्याला मी मोरीवरच्या दगडापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. नळी, हवा, झगा, खेपा, काही ठेवलं नाही. दगडावरच्यांनी फोन खाली घेतले आणि ऐकलं. शेवटी मी काचेचा पेला मागवला आणि मागे बोटं धरून दाखवली. तुझा तो कागद आता देवळाच्या खांबाला डकवलाय. आत्याला लाज वाटली, पण ती खांबापाशी उभी राहून बायकांना वाचून दाखवत होती हे मी बघितलं.

पट्टा दोन भोकं मागे आला आहे.

माघ वद्यात दादाचं श्राद्ध आहे. या वर्षी पान वाढायला तू ये. पंचा तोवर धुणार नाही, तू आलीस की तूच ओढ्यावर धू आणि तूच घडी घाल. पुंडलिकालाही कॅसलरॉकहून घेऊन ये, तुझ्या बापाची आणि माझी गाठ पडूनही वर्ष झालं. पहाटेची गाडी धरलीस तर न्याहारीला पोचशील. चुलीवर पेज असेल. ती आम्ही आता जेवणातच धरतो.

तुझा
येसाजीमामा